आवडनिवड

विडी घरकुलात, पाण्याच्या टाकीखाली,
रात्री साडेनऊला आम्ही सतरा जणी.
लाईट गेलेली. कुणाच्या तरी मोबाइलचा उजेड
सुपात ठेवलेला, तंबाखूवर.
एप्रिलातल्या सोलापूरची जमीन
रात्रीसुद्धा बूड भाजते.

प्रश्न एवढाच:
युनियनच्या अध्यक्षपदाला आपल्यातून कोण?
समोर तेच मादगुंडी,
बारा वर्षं बसून बसून
खुर्चीच्या आकाराचे झालेले.

पहिलं नाव नागमणी वडनाल.
चेकरनं छाट जास्त काढली तेव्हा
हिनं त्याच्या टेबलावर सूप उपडं केलं होतं.
म्हणाली होती, मोज. माझ्यासमोर मोज.
फंडाचा हिशेब हिला तोंडपाठ,
कुणाचा किती, कुठल्या सालचा, कुणी खाल्ला.
पण आवाज चिरका. नवरा सोडून गेलेला.
आणि हसत नाही.
'माणसानं थोडं तरी हसावं की गं,' पद्मा म्हणाली.

दुसरी अंबिका कुरापाटी.
ही हसते.
मंडपवाल्या दिराचा टेम्पो आहे, माईक आहे.
तेलुगूत सुरू करते, मराठीत टाळ्या घेते,
कन्नडमध्ये तुमच्या सुनेची चौकशी करून खाली उतरते.
काय बोलली ते घरी गेल्यावर आठवत नाही,
पण बरं वाटलेलं असतं.

तिसरी सुग्राबी.
नई जिंदगीतली चारशे मतं तिच्या पदरात,
आणि त्या पदरामुळेच बाकीची जातील,
असं कुणी म्हणालं नाही.
कुणीतरी फक्त खोकलं.
सुग्राबीच म्हणाली,
'कळालं मला. पुढं चला.'

मग वजनं सुरू झाली.
'मला नागमणी चालतीय. पण कुंभारीकडच्या बायकांना?'
'मला पण. म्हाताऱ्या ऐकतील का तिचं?'
'मला तर तीच आवडते गं, पण लोक...'
लोक म्हणजे कोण, मी विचारलं नाही.
माझी पाळी आली तेव्हा
मीही लोकांचंच नाव पुढं केलं.

आमच्या घरात तेलुगू. मराठी माझी चौथीपर्यंतची.
तिथं एक जोडशब्द होता, आवडनिवड.
वाक्यात उपयोग करा, बाई म्हणाल्या होत्या.
मी काय लिहिलं होतं कुणास ठाऊक.
त्या रात्री दिसलं,
आवड आणि निवड यांच्या मधोमध
सतरा बायका मांडी घालून बसल्यात
आणि कुणीच सरकत नाही.

हात वर झाले.
अंबिका बारा. त्यात माझा एक.
नागमणी चार.
सुग्राबीला एकच, आणि तो हात
नागमणीचा होता.
तिनंच आकडे वहीत उतरवले, खाली तारीख घातली,
म्हणाली, 'पोस्टरवर अंबिकाचं नाव मोठं छापा,
रस्त्याच्या पलीकडनं वाचता आलं पाहिजे.'
तेवढ्यात लाईट आली.
सगळ्यांनी एकदम डोळे मिटले.

सकाळी नळाला पाणी, चार दिवसांनी.
पद्मा घागर लावता लावता पुटपुटली,
'खरं सांगू? मला नागमणीच पाहिजे होती.'
मागून राजेश्वरी, 'मग मला काय नको होती?'
रांगेत पुढं मागं तेच चाललेलं, हळू आवाजात.
मी मोजत गेले.
नऊपर्यंत आले आणि नळ गेला.

आज कारखान्यात
चेकरनं माझ्या अकरा विड्या छाटल्या.
का, विचारलं, तर म्हणाला,
'ओढायला बरी असंल, पण वाकडी आहे.
गिऱ्हाईक घेत नाही.'
सुट्टी झाल्यावर फाटकातून वळून बघितलं.
त्याच ढिगातली एक ओठात धरून
तो खिशात काडेपेटी चाचपत होता.